स्कायरिम: लोकांना यात नक्की काय आवडतं, आणि ते सापडायला खेळायचं कसं?

शेवंती_०९ (प्रश्न)

स्कायरिम या व्हिडिओ गेमची स्पेशल एडिशन लॅपटॉपवर घेतली आहे. लेव्हल ९, साधारण बारा तास झाले. व्हाइटरन शहरात ड्रॅगनस्टोन आणून दिला, पहिला ड्रॅगन मारला, हाय ह्रोथगारच्या पायऱ्याही चढून झाल्या. यादीत आता पंचवीसेक कामं साठली आहेत आणि खेळ म्हणजे पडद्यावरच्या दिशादर्शक पट्टीतल्या बाणामागे धावायचं, गुहेत शिरायचं, वस्तू आणून द्यायची, की पुढचा बाण, एवढाच वाटू लागला आहे.

२०११ चा खेळ लोक अजून खेळतात, संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. म्हणजे काहीतरी नजरेतून सुटतंय. जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात: यातलं सगळ्यात आवडतं काय, आणि ते अनुभवायचं तर खेळण्याच्या पद्धतीत नेमका काय बदल करायचा? "नुसतं भटका" असं मोघम नको, कुठे आणि कसं ते सांगा. मुख्य कथेचा शेवट मात्र फोडू नका.

पायवाट

बाणाचा त्रास होतो तो फास्ट ट्रॅव्हलमुळे, म्हणजे नकाशावरून थेट उडी मारण्यामुळे. स्कायरिमचा नकाशा आजच्या खेळांच्या मानाने लहानच आहे, पण दाट आहे. रस्त्याने दोन मिनिटं चाललात की वरच्या पट्टीवर एखादी न पाहिलेली जागा उगवते: पडका बुरूज, खाण, कोणाची तरी झोपडी. काम देणारा ज्या गुहेत पाठवतो ती गुहा निमित्तापुरती असते, खरा माल वाटेवर मांडलेला आहे. नकाशावर टिचकी मारून थेट गुहेच्या तोंडाशी उतरलात की मधलं सगळं गळतं आणि हमाली तेवढी उरते.

तेव्हा आधी जर्नल (कामांची यादी) उघडा आणि एकेका कामावर क्लिक करून ते निष्क्रिय करा. काम रद्द होत नाही, फक्त पट्टीवरचा आणि नकाशावरचा बाण जातो. नवं काम मिळालं की ते कधी कधी आपोआप चालू होतं, म्हणून अधूनमधून तपासा. इथे खेळाची एक खोट सांगितली पाहिजे. जर्नलमध्ये पत्ता नीट लिहिलेला नसतो, कारण सगळी रचना बाण गृहीत धरून केली आहे. त्यामुळे पूर्ण अडलात तर त्या एका कामाचा बाण चालू करायचा, दिशा पाहायची आणि परत बंद करायचा. थोडी जादू येत असेल तर क्लेअरव्हॉयन्स मंत्र घ्या. तो चालू असलेल्या कामाची वाट जमिनीवर रेघेसारखी दाखवतो आणि अगदी प्राथमिक पातळीचा असल्याने कोणालाही परवडतो.

लांबच्या प्रवासाला घोडागाडी वापरा. व्हाइटरन, सॉलिट्यूड, विंडहेल्म, रिफ्टन आणि मार्कार्थ या पाच तटबंदीच्या शहरांबाहेर तबेल्यापाशी ती उभी असते आणि नऊही प्रांतांच्या मुख्य गावांना नेते. जाताना गाडी, येताना पायी, असा नेम ठेवला तर कंटाळाही येत नाही आणि काही सुटतही नाही.

आता "कुठे" चं उत्तर. व्हाइटरनहून विंडहेल्मला व्हाइट नदीच्या कडेने चालत जा, सकाळी आठच्या सुमारास निघून. आधी माळरान लागतं, मग दोन्हीकडून डोंगर जवळ येतात आणि नदीवर दगडी पूल टाकलेले वॉल्थाइम टॉवर्स दिसतात. तिथली दरोडेखोर बाई वाट सोडायचे २०० मागते. पैसे देता येतात, नाकारून लढता येतं, किंवा अलीकडेच नदी ओलांडून पलीकडच्या काठाने गुपचूप सटकता येतं. लेव्हल ९ ला लढायचं असेल तर पुलावरच्या धनुर्धाऱ्यांपासून आडोसा धरा आणि जिन्याच्या दारात उभे राहा, म्हणजे एका वेळी एकच जण अंगावर येतो. पुढे नदी धबधब्यांनी खाली उतरते आणि दक्षिणेला वाफाळणारी गरम पाण्याची कुंडं लागतात. मॅमथ आणि त्यांचे राखणदार राक्षस तिथे चरत फिरत असतात. राक्षस आपणहून चाल करून येत नाही. तुम्ही फार जवळ गेलात तर आधी सोटा उगारून बजावतो. तेवढ्यावर मागे सरा, कारण या लेव्हलला त्याचा एक फटका पुरतो. शेवटी बर्फ आणि विंडहेल्मचा लांबलचक दगडी पूल. चार तऱ्हेचे मुलूख एका चालीत पार होतात आणि वाटेत एकदाही लोडिंगचा पडदा येत नाही. हे एकदा बाणाशिवाय चाललं की लोक या खेळात काय शोधतात ते आपोआप कळतं.

दुसरी जागा डॉनस्टार आणि विंटरहोल्डच्या मधल्या किनाऱ्यावरची, फ्रॉस्टफ्लो दीपगृह. आत गेल्यावर सरळ लुटालूट सुरू करू नका. खोलीतल्या डायऱ्या वाचा. तिथे एक कुटुंब राहत होतं. आई, बाप आणि मुलं, त्यांच्या वेगवेगळ्या वह्या आहेत आणि तळघरातून येणाऱ्या आवाजांचा उल्लेख त्यांत आहे. पुढे काय झालं ते तळघरातल्या बोगद्यात उतरल्यावर एकेका मृतदेहागणिक जुळत जातं. अगदी तळाशी जो मोठा चॉरस (किड्यासारखा प्राणी) मारावा लागतो त्याच्या पोटात बापाचे अवशेष मिळतात. आपल्याला दीपगृहाच्या आगीत जाळावं ही त्याची इच्छा डायरीत आहे. ते अवशेष वर नेऊन आगीत ठेवले तर सेलर्स रिपोज नावाचा आशीर्वाद मिळतो आणि बरं करणारे मंत्र कायमचे १० टक्के जास्त चालतात. हे करा असं कोणी सांगत नाही. वाचणाऱ्यालाच सुचतं. या खेळातलं सगळ्यात आवडतं एक काही निवडायचं झालं तर माझ्या मते हेच: जागा बोलतात, आणि ऐकणाऱ्याची दखल घेतात.

ऐरण

पायवाट यांनी जगाबद्दल लिहिलं, मी माणूस घडवण्याबद्दल लिहितो. स्कायरिममध्ये "वर्ग" निवडायचा नसतो. १८ कौशल्यं आहेत आणि जे वापराल ते वाढतं. तलवार फिरवली की तलवार सुधारते, फटके खाल्ले की चिलखत सुधारतं, सौदे केले की बोलणं सुधारतं. दहा तासांनी तुमचं पात्र म्हणजे तुमच्या सवयींचा आरसा होतो. पुन्हा पुन्हा नव्याने सुरू करण्याची ओढ यातूनच येते.

पण याचं गणित माहीत नसेल तर हाच भाग नडतो. लेव्हल वाढायला लागणारे गुण म्हणजे चालू लेव्हल गुणिले २५, अधिक ७५. म्हणजे ९ वरून १० ला ३००. एखादं कौशल्य ज्या आकड्यावर चढतं तेवढे गुण त्यातून मिळतात. २० चं २१ झालं की २१, ६० चं ६१ झालं की ६१. म्हणून तुमच्या लेव्हलला एखादं कौशल्य साठीच्या पुढे गेलं की पाच चढणींत एक लेव्हल उरकते. आता हीच कौशल्यं लोहारकाम, किमया आणि बोलणं असतील तर काय होतं पाहा. गावात बसल्या बसल्या लेव्हल २० होते, तलवार २५ वरच राहते आणि बाहेरचे शत्रू लेव्हल २० प्रमाणे भेटतात. "खेळ अचानक कठीण झाला" ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. पहिल्या १५ लेव्हलपर्यंत एक हत्यार, एक चिलखत आणि हवं तर एक जादू, यांच्याकडे जास्त लक्ष द्या. बाकीचं मागून येतं.

वेग वाढवायचा असेल तर हेल्गेनहून रिव्हरवुडला येताना लागलेले तीन उभे दगड आठवा. योद्धा, जादूगार आणि चोर, ज्याच्यावर हात ठेवाल त्या गटातली सहा कौशल्यं २० टक्के वेगाने वाढतात आणि दगड केव्हाही बदलता येतो. खाणावळीत खोली घेऊन झोपलात तर खेळातले पुढचे आठ तास आणखी १० टक्के. शिकवणाऱ्याकडे पैसे देऊन एका लेव्हलमागे पाचच धडे मिळतात, ते वाया घालवू नका.

हाताने काही बनवायची आवड असेल तर किमयेपासून सुरुवात करा, खर्च जवळजवळ शून्य. प्रत्येक घटकाला चार गुणधर्म असतात, तो चाखला की पहिला कळतो आणि दोन घटकांचा एखादा गुणधर्म जुळला की औषध बनतं. निळं डोंगरी फूल आणि गहू एकत्र केलं की जखम भरून काढणारं औषध मिळतं, वर आयुष्याची कमाल मर्यादाही काही वेळ वाढते. फूल व्हाइटरनच्या आसपास रस्तोरस्ती आहे आणि गहू तटाबाहेरच्या शेतात. पायवाट यांनी सांगितलेल्या गरम कुंडांच्या भागात जमिनीवर क्रीप क्लस्टर नावाची वेल पसरलेली असते, ती गोळा करत जा. पुढे राक्षस मारता यायला लागला की त्याचा अंगठा, गहू आणि क्रीप क्लस्टर यांचं मिश्रण इतकं महाग विकलं जातं की एकट्या दुकानदाराकडे पैसे पुरत नाहीत. दुकानदाराची थैली खेळातल्या ४८ तासांनी पुन्हा भरते.

लोहारकामात लोखंडी खंजीर शेकड्याने ठोकायचा जुना सल्ला अजून फिरतो, तो सोडून द्या. एका पॅचनंतर अनुभव वस्तूच्या किमतीवर मिळतो, त्यामुळे खंजिरातून फार काही हाती लागत नाही. त्याऐवजी व्हाइटरनच्या उत्तरेला हॉल्टेड स्ट्रीम कॅम्प नावाचा दरोडेखोरांचा तळ आहे, तिथल्या खाणीत ट्रान्सम्यूट मंत्राचं पुस्तक मिळतं. त्याने लोखंडाच्या खनिजाची चांदी आणि चांदीचं सोनं होतं. दागिने घडवा आणि विका. लोहारकाम, मंत्र आणि बोलणं तिन्ही एकदम वाढतं, फक्त वर सांगितलेला धोका लक्षात ठेवून.

चिलखताबद्दल एक आकडा पाठ करा: ५६७. चारही भाग अंगावर असताना, ढाल नसताना, एवढं चिलखत झालं की शारीरिक इजा ८० टक्क्यांनी कमी होते आणि त्यापुढे काहीच वाढत नाही. लोहारकाम चांगलं असेल तर साध्या चिलखतालाही हा आकडा गाठता येतो. म्हणजे सगळ्यात भारी म्हणून डेड्रिकच घालायला हवं असं नाही, जे रूप आवडतं ते घालून शेवटपर्यंत खेळता येतं. ही मोकळीक फार थोडे खेळ देतात.

काठिण्य अ‍ॅडेप्टवर ठेवा, सोपं वाटलं तर एक्स्पर्ट. लेजेंडरीवर तुमचा वार एक चतुर्थांश लागतो आणि शत्रूचा तिप्पट. त्यात डावपेच वाढत नाहीत, नुसता वेळ वाढतो.

उत्तररात्र

वर सगळं आलंच आहे, थोडी भर.

माणसांच्या दिनक्रमाकडे पाहा. दुकानं सकाळी आठला उघडतात, रात्री आठला बंद होतात, मग तोच दुकानदार खाणावळीत बसलेला दिसतो. लोहार दिवसा भट्टीपाशी असतो. एक दिवस काहीही काम न करता एका गावात घालवा. लोकांची आपसातली बोलणी जवळ उभं राहिल्याशिवाय ऐकू येत नाहीत आणि कितीतरी लहान कामं त्या बोलण्यातूनच सुरू होतात. उत्तरेकडे रात्री आकाशात हिरवे पडदे हलतात आणि दोन चंद्र असतात. तिथे पार्श्वसंगीताचा आवाज थोडा वाढवून, इतर आवाज जरा कमी करून बघा.

आणि शेवंती, सर्व्हायव्हल मोड. तुम्हाला जे हवंय त्यावर हा थेट उपाय आहे. २०२१ पासून स्पेशल एडिशन असलेल्या सगळ्यांना तो मोफत आहे. सेटिंगमध्ये चालू केला की फास्ट ट्रॅव्हल बंद होतं, भूक, थंडी आणि थकवा लागतो, जखमा आपोआप भरत नाहीत, धनुष्याच्या बाणांना आणि कुलूप उघडायच्या तारांनाही वजन येतं, आणि लेव्हल बिछान्यात झोपल्यावरच वाढते. मग खाणावळ म्हणजे नुसतं चित्र राहत नाही. वादळात दिवा दिसला की खरंच जीव भांड्यात पडतो. नवखे लोक यात बर्फाळ समुद्रात पोहायला जाऊन हमखास मरतात, पाणी हवेपेक्षा कितीतरी लवकर गारठवतं. केसाळ कातड्याचं चिलखत धातूच्या चिलखतापेक्षा उबदार, हातातली मशालही ऊब देते, गरम सूप तर जवळ असायलाच हवं. सुरुवातीला वजन उचलायची ताकद कमी होते, म्हणून आधी घरात किंवा सुरक्षित पेटीत सामान रिकामं करा आणि मग मोड चालू करा.

शेवंती_०९

खूप आभार. जर्नल रिकामं केलं, आज नदीकाठाने निघते. पुलावरच्या बाईला पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं आहे.

दोन तांत्रिक शंका. लॅपटॉपचा पडदा १४४ हर्ट्झचा आहे. सुरुवातीच्या प्रसंगात घोडागाडी वेड्यासारखी उसळत होती, आणि घरात शिरलं की टेबलावरची भांडी आपोआप उडतात. हे मशीनमुळे की खेळामुळे? आणि मॉड (चाहत्यांनी बनवलेले बदल) घालायचे तर किती, कोणते?

पेटारा

मशीन ठीक आहे. स्कायरिमचं भौतिकशास्त्र फ्रेमच्या वेगाला बांधलेलं आहे. सेकंदाला ६० फ्रेमच्या वर गेलात की वस्तूंच्या टकरींचा हिशोब बिघडतो, म्हणून गाडी उसळते आणि भांडी उडतात. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये जाऊन फक्त या खेळासाठी ६० ची मर्यादा घाला. १४४ हवेच असतील तर एसएसई डिस्प्ले ट्वीक्स हा मॉड भौतिकशास्त्राला फ्रेमच्या वेगापासून सोडवतो, पण त्याला आधी एसकेएसई (मॉडना जास्त मुभा देणारा जोड-प्रोग्राम) लागतं.

एसकेएसईत लोक अडकतात ते आवृत्तीत. खेळाच्या फोल्डरमधल्या मुख्य फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आवृत्तीचा आकडा पाहा आणि नेमक्या त्याच आकड्याचं एसकेएसई उतरवा. एका आकड्याचाही फरक असेल तर चालत नाही. नंतर खेळ स्टीमच्या बटणावरून सुरू न करता एसकेएसईच्या लोडरवरून सुरू करायचा. स्टीममध्ये अपडेटची निवड "खेळ सुरू केल्यावरच" अशी ठेवा, नाहीतर एका सकाळी खेळ अपडेट होतो आणि एसकेएसईवर चालणारे सगळे मॉड एकदम गप्प होतात. खेळ प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका, तिथे विंडोज फाइली बदलू देताना अडवतं. वेगळा फोल्डर करून त्यात हलवा.

मॉडसाठी मॉड ऑर्गनायझर २ वापरा. तो खेळाच्या मूळ फोल्डरला हात लावत नाही, त्यामुळे काही बिघडलं तर एक खूण काढली की मॉड बाजूला. पहिल्या खेळीला एवढेच पुरे: अनऑफिशियल पॅच (तुटलेली शेकडो कामं आणि वस्तू दुरुस्त करतो), स्काययूआय (सामानाची यादी माऊस-कीबोर्डला साजेशी होते), अ‍ॅड्रेस लायब्ररी (एसकेएसईवरच्या इतर मॉडना लागते) आणि डिस्प्ले ट्वीक्स. अनऑफिशियल पॅचला मोफत मिळणारी चार अधिकृत भर लागते, त्यातलीच एक म्हणजे वर सांगितलेला सर्व्हायव्हल मोड. ती आधी खेळाच्या मेनूतून उतरवून घ्या, नाहीतर मुख्य मेनू यायच्या आतच खेळ बंद पडतो आणि कारण कळत नाही.

यापुढचा नियम कडक आहे. ज्या मॉडमध्ये स्क्रिप्ट आहेत (नवी कामं, नव्या लढाईच्या पद्धती, सोबती) तो चालू खेळीत मधेच काढू नका. त्याच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये मुरलेल्या असतात आणि त्यांचा मागमूस उरतो. परिणाम लगेच दिसत नाही, तीस तासांनी सेव्ह उघडेनाशी होते. चित्रं बदलणारे मॉड मात्र केव्हाही घाला, केव्हाही काढा. पूर्ण प्लगिनची (मॉडच्या मुख्य फाइलींची) मर्यादा २५४ आहे, हलक्या प्रकारचे ४०९६ पर्यंत चालतात. पण मर्यादेच्या जवळ जायची गरज नाही. प्रत्येक मॉडनंतर पंधरा मिनिटं खेळून बघायचं, मग दुसरा. एकदम चाळीस घालून खेळ बंद पडला तर दोषी शोधायला तुम्हाला चाळीसही काढावे लागतात.

ऑटोसेव्हवर विसंबू नका. दर तासाला एक वेगळी, नवी सेव्ह करा.

दक्षिणायन

कौतुकाशी सहमत, पण जे या खेळात नाही ते शोधत बसलात तर हिरमोड होईल, म्हणून तेही लिहून ठेवतो.

संघटनांच्या कथा घाईत उरकल्या आहेत. विंटरहोल्डच्या जादू विद्यालयात प्रवेशाला एक साधा मंत्र करून दाखवला की पुरतं, आणि फारशी जादू न येणारा माणूस तिथला प्रमुख होऊ शकतो. याच मालिकेतल्या २००२ च्या मॉरोविंडमध्ये वरचा हुद्दा मिळवायला त्या कामाची कौशल्यं ठरलेल्या पातळीला न्यावी लागत. इथे ते गेलं. यावर उपाय एकच: बंधन आपण घालायचं. विद्यालयाचं पुढचं काम घ्यायच्या आधी आपली एखादी जादू पुढच्या पातळीला पोचली पाहिजे, असा स्वतःचा नियम करा. कथा दुप्पट चांगली लागते.

तुमच्या निर्णयाने जग बदलतं असं इथे क्वचितच होतं, ती अपेक्षा असेल तर २०१५ चा तिसरा विचर हा खेळ जास्त समाधान देईल. पण जिथे होतं तिथे ते खुबीने लपवलेलं आहे. डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या संघटनेची सुरुवात घ्या (कथा फुटू नये असं वाटत असेल तर हा परिच्छेद सोडा). एका झोपडीत तुम्हाला कोंडून समोर डोक्यावर पिशवी घातलेले तीन कैदी ठेवतात आणि यातला एक मारा म्हणतात. तिघांपैकी कोणालाच न मारता, हुकूम देणाऱ्या अ‍ॅस्ट्रिडलाच मारलं तर? पडद्यावर हा पर्याय कुठेही येत नाही. पण केलं तर ती सगळी कथामाला बाद होते आणि तिच्या जागी संघटना उद्ध्वस्त करायचं काम सुरू होतं, ड्रॅगन ब्रिजला जाऊन कळवायचं, शेवटी ३००० सोन्याची नाणी. कथामाला मोठी आणि चांगली आहे, तेव्हा पहिल्या खेळीत आत शिरणंच बरं. पण खेळ तुम्हाला नाही म्हणू देतो हे माहीत हवं.

शत्रूंबद्दलही ऐका. बऱ्याच गुहांना किमान आणि कमाल लेव्हल असते, आणि तुम्ही पहिल्यांदा पाऊल टाकता त्या वेळच्या तुमच्या लेव्हलवर आतला बेत ठरतो. काही खास हत्यारं तर हातात येतील त्या लेव्हललाच गोठतात. नाइटिंगेल ब्लेड आणि चिलरेंड यांची सर्वोत्तम आवृत्ती लेव्हल ४६ पासून मिळते. ती वापरायची ठरवलं असेल तर चोरांच्या संघटनेची कथा थोपवून धरा. साफ केलेली गुहा खेळातल्या ३० दिवसांनी पुन्हा भरते.

ऐरण

छोटी पुरवणी: ३० दिवस पूर्ण साफ केलेल्या जागेला. अर्धवट सोडलेली जागा १० दिवसांतच पुन्हा भरते. म्हणून स्वतःचं सामान असल्या जागांच्या पेटीत ठेवू नका, जागा भरताना ते नाहीसं होतं. विकत घेतलेल्या घरातली पेटी सुरक्षित.

आणखी एक, सगळ्यांचं होतं ते. दहा-पंधरा तासांत पात्र नकळत लपून बाण मारणारं बनतं. कारण आकड्यांत आहे. लपून मारलेल्या बाणाला मुळातच दुप्पट इजा आहे, लपण्याचं कौशल्य ४० झालं की एका पर्कने (लेव्हल वाढल्यावर निवडायच्या खास गुणाने) तिप्पट, आणि शत्रू थोडा वेळ शोधून परत जागेवर जातात. हा मार्ग इतका सुरक्षित आहे की बाकी सगळं गंजतं. तो आवडत असेल तर खुशाल खेळा. पण बदल हवा असेल तर धनुष्य सरळ विकून टाका, जवळ असेल तर हात तिकडेच जातो. लपण्याचीच मजा हवी असेल तर खंजीर घ्या: कौशल्य ५० च्या पर्कनंतर लपून केलेला वार १५ पट लागतो, पण त्यासाठी न दिसता शत्रूच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि श्वास रोखायला लावणारा भाग तोच आहे.

पायवाट

शेवंती, लेव्हल १० व्हायच्या आत एक ऐका. दहाला डॉनगार्ड या जोडभागाची कथा जागी होते आणि त्यानंतर रात्री गावात रक्तपिपासू हल्ला करू शकतात. ते तुम्हाला क्वचितच मारतात, पण दुकानदार, लोहार हे मरतात आणि मेले की परत येत नाहीत. गावाच्या वेशीवर अंधार पडला असेल तर आत शिरू नका, बाहेरच थांबा आणि उजाडल्यावर जा. हल्ला झालाच तर आधी लोकांच्या आणि रक्तपिपासूंच्या मध्ये उभ्या राहा. लोहार हातोडा घेऊन धावतो आणि तोच पहिला पडतो. ड्रॅगन गावावर आला तरी हेच.

शेवंती_०९

वॉल्थाइम पार झालं, जिन्याच्या दाराचा उपाय लागू पडला. आत्ता कुंडांपाशी आहे, क्रीप क्लस्टरने झोळी भरली. ६० ची मर्यादा घातल्यावर भांडी जागेवर राहतात.

एकच शेवटचं: पुढे कधीतरी, अशी एखादी जागा सांगा जिच्यासाठी मुद्दाम तयारी करून जावं.

पायवाट

ब्लॅकरीच. जमिनीखालचं, लोप पावलेल्या ड्वार्वेन लोकांचं शहर, झाडाएवढी चमकणारी अळंबी, वर छताला टांगलेला एक प्रचंड पिवळा गोळा. लेव्हल २० च्या आसपास जा. विंटरहोल्डच्या उत्तरेला हिमखंडात सेप्टिमस सिग्नस राहतो, त्याच्याकडून अ‍ॅट्यूनमेंट स्फिअर घेतल्याशिवाय खालचं दार उघडत नाही. अल्फ्टँड, म्झिंचालेफ्ट आणि राल्डब्थार या तीन अवशेषांतून उतरता येतं. पहिल्यांदा अल्फ्टँडमधून जा, वाटेतल्या मोहिमेच्या डायऱ्या वाचत.

वजनाचं गणित आधी करा. मूळ क्षमता ३०० असते, आणि तिथे ड्वार्वेन धातूचे तुकडे पाहून सगळ्यांनाच मोह होतो. जास्त झालं की धावता येत नाही. औषधं, थोडे बाण आणि रिकामे सोल जेम (आत्मा साठवणारे खडे), एवढंच घेऊन उतरा. तिथे राहणारे फाल्मर हे शत्रू आंधळे असतात, त्यांना आवाज ऐकू येतो, तेव्हा हळू चालण्याला तिथे खरी किंमत आहे. मोठ्या लिफ्टची दारं आतून एकदा उघडलीत की पुढच्या वेळी बाहेरून थेट उतरता येतं, म्हणून परतताना ती उघडूनच वर या.

आत शिरल्यावर सिंडेरियनची पडकी प्रयोगशाळा शोधा. त्याच्या वहीतून लाल निर्नरूट गोळा करायचं काम मिळतं. ३० लागतात, आत त्याहून जास्त आहेत. पूर्ण केलं की औषध बनवताना २५ टक्के वेळा एकाऐवजी दोन बनतात, म्हणजे तुमच्या किमयेला कायमची जोड. ही वनस्पती गुणगुणते. अंधारात डोळ्यांनी शोधण्यापेक्षा हेडफोन लावा, संगीत पूर्ण बंद करा आणि आवाज ज्या कानात जास्त येतो तिकडे वळत जा.